शनिवारचा गट

अदिबाला संस्कृती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. संस्कृतीलाही अदिबा आवडली नाही. दोघींनी ते लपवलंही नाही.

बीडमधल्या त्या कॉलेजात खालची शाळा धरून पोरं इतकी, की सकाळची प्रार्थना दोन पाळ्यांत व्हायची. अकरावी सायन्सच्या एकेका तुकडीत शंभराच्या वर नावं. हजेरी नंबरानं. अदिबा दहावीपर्यंत उर्दू शाळेत होती. तिथं वर्गात मोजक्या मुली, आणि शिकवणाऱ्या आपा प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी चहा पिऊन गेलेल्या. इथं दिवाळी तोंडावर आली तरी एकाही सरांना तिचं नाव माहीत नव्हतं. तिचे वडील रहमतुल्ला एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर फळांचा गाडा लावायचे. संध्याकाळी ती गाड्यावर गेली की ते विचारायचे, "आज क्या पढ्या बेटा?" काय शिकवलं ते ती सांगायची. दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही, हे सांगायची नाही.

नव्या प्राचार्य मॅडमनी त्या वर्षी संवाद गट सुरू केले. प्रत्येक शिक्षकाकडे वेगवेगळ्या तुकड्यांतली वीसेक पोरं, दर शनिवारी शेवटचा तास. अभ्यास नाही, नुसतं बोलायचं. एवढ्या गर्दीत प्रत्येक पोराला ओळखणारं एक तरी मोठं माणूस असावं, असं मॅडमचं म्हणणं होतं. नियम एकच होता, की गटात आडनाव घ्यायचं नाही. बीडमध्ये अलीकडे नावाआधी आडनाव विचारायची खोड लागली होती, आणि ते कळलं की पुढं बोलायचं की नाही हे ठरायचं. पोरं बसायचीसुद्धा आडनावं बघून.

"आडनाव सांगायचं न्हाई, तर मग वळख कशाची सांगायची?" पहिल्याच शनिवारी बंकट नावाच्या पोरानं मागून विचारलं. सगळा गट हसला.

गटाचे सर होते शिवशंकर सर. अदिबा, संस्कृती, बंकट एकाच तुकडीतले; त्या तुकडीला ते फिजिक्स शिकवायचे. संध्याकाळी त्यांची स्वतःच्या क्लासची बॅच असायची, त्यामुळे शनिवारी त्यांना लवकर निघायची घाई. आल्या आल्या पेपर तपासायला घ्यायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "बोला आपापसात." कुणी बोलायचं नाही. अधूनमधून बंकट काहीतरी टोमणा मारायचा, चारजण हसायचे, बाकीचे खिडकीबाहेर बघायचे.

मग मॅडमनी सांगितलं, की गटातलं पोरगं आलं नाही तर सरांनी घरी फोन करायचा. शिवशंकर सरांनी त्यातून वाट काढली. बसल्या जागी शेजारच्याशी जोडी लावून दिली आणि एकमेकांच्या घरचे नंबर घ्यायला सांगितले. "जोडीदार आला नाही तर फोन तुम्ही करायचा. मला वीस घरी फोन करायला वेळ नाही."

अदिबाच्या शेजारी त्या दिवशी संस्कृती होती. ती ताडकन उठली. "सर, मला दुसरी जोडी द्या."

"का?"

"हिच्याशी मी काय बोलू?"

"मलाबी ही नको, सर," अदिबा म्हणाली.

"झाली ती झाली. बसा खाली."

संस्कृती पालीच्या पुढच्या एका गावची. तिचे वडील राधाकिशन मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातले. सगळा भाग त्यांना तात्या म्हणायचा. गावाच्या फाट्यावर त्यांच्या फोटोचं बॅनर बारा महिने असायचं. वर्षाच्या सुरुवातीला संस्कृती पाच-सहा मुलींच्या घोळक्यात पुढच्या बेंचवर बसायची, मोठ्यानं हसायची. रस्त्यात कुणी आलं तर तेच बाजूला होणार, हे धरूनच चालायची.

दिवाळीनंतर निवडणुकीच्या तोंडावर राधाकिशन इतक्या वर्षांचा आपला गट सोडून समोरच्यांना जाऊन मिळाले. जुनी माणसं चिडली, नव्यांचा विश्वास बसेना. त्याचे पडसाद वर्गात उमटायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. एका सकाळी संस्कृतीच्या बेंचवर व्हाइटनरनं लिहिलेलं दिसलं, 'गद्दाराची पोरगी.' घोळक्यातल्या मुलींनी एकेक करून बेंच बदलला. ती वर्गात शिरली की बंकट खोकायचा, आणि त्या खोकल्यात "गद्दार" हा शब्द स्पष्ट ऐकू यायचा. मग दुसरी पोरंही खोकायला लागली. सर शिकवत असले तरी खोकायची.

अदिबा हे सगळं बघत होती. तिला वाईट वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं. आता हिलाही कळू दे, गर्दीत एकटं बसणं काय असतं.

मग संस्कृती यायची बंद झाली. तुकडीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. क्लासमुळे निम्मी पोरं तशीही कॉलेजला दांडी मारायची. शनिवारी गटात मात्र तिची जागा रिकामी दिसली.

"ही कुठंय? जोडी कोण हिची?" सरांनी पेपरांतून मान काढली.

"मी, सर."

"फोन केलास?"

"न्हाई."

"मग नियम कशाला केलाय? जा, बाहेर जाऊन आत्ता कर."

अदिबानं व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. पलीकडून जाड, पुरुषी आवाज आला.

"मी अदिबा बोलते. संस्कृतीच्या कॉलेजातून. ती लई दिवस झाले आली न्हाई, म्हणून सरांनी विचारायला सांगितलंय. तब्येत बरी हाय ना तिची?"

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"आली न्हाई म्हंजी? रोज सकाळच्या एसटीनं निघती की ती घरून."

अदिबानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण म्हणलीस तू?"

"अदिबा."

"अदिबा काय?"

गटाचा नियम तिला आठवला. पण ज्या आवाजात विचारलं होतं, त्याला नियम सांगण्याची तिची छाती झाली नाही. "शेख," ती म्हणाली. फोन कट झाला.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या आवारात जीप आली. राधाकिशन, दोन माणसं आणि मागं संस्कृती. तिचा एक गाल सुजलेला होता. प्राचार्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं.

"माझी पोरगी इतके दिस कॉलेजात न्हाई, तुमाला पत्ता न्हाई! आन् मला सांगतंय कोण? चौकशी केली तर स्टँडवरच्या गाडेवाल्याची पोरगी! तुमचे मास्तर काय झोपा काढतेत का? ही आता घरी बसंल. परीक्षेपुरती येईल फक्त. बघू कोण काय करतंय."

परत जाताना संस्कृती अदिबासमोर थांबली. माणसं दोन पावलं पुढं गेली होती.

"झालं समाधान?"

"सरांनी सांगितलं म्हणून मी..."

"पालीला उतरत होते मी. धरणावर बसत होते. संध्याकाळच्या गाडीनं घरी जात होते. कुणाचं काय वाईट करत होते? तिथं कुणी खोकत नव्हतं, एवढंच. तेवढंबी तुला बघवलं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द दाताखाली धरून सोडल्यासारखा येत होता. "इतक्या हजार पोरांत माझ्यावर नजर ठेवायला तूच गावलीस?"

त्याच दिवशी दुपारी रहमतुल्लांच्या गाड्यावर ती दोन माणसं आली. एकानं सफरचंद उचललं, एक घास घेतला आणि उरलेलं बाकीच्या फळांवर टाकलं. "तुझी पोरगी लई फोन करती म्हणं," एवढंच बोलून ती गेली. रहमतुल्ला गाड्यामागच्या पोत्यांच्या आडोशाला जाऊन बसले.

घरी आल्यावर त्यांनी अदिबाला विचारलं, "कायकू पडी तू बडे लोगां के बीच में?"

"सर बोले थे, अब्बा."

"सर के गाडे पे आए क्या वो लोगां?"

अदिबाची आई अजमतबी म्हणाली, "जाने दो ना. बच्ची है." पण तिनंही त्या रात्री मुलीच्या ताटात भाकरी जरा आपटूनच टाकली.

पुढचा शनिवार येईपर्यंत अदिबा आतल्या आत तापत राहिली. आधी संस्कृतीवर, मग स्वतःवर, आणि शेवटी शिवशंकर सरांवर. तास सुरू झाला. सरांनी पेपर काढले, "बोला आपापसात" म्हणाले. अदिबा उभी राहिली. वर्षभरात ती पहिल्यांदाच आपण होऊन उभी राहिली होती.

"सर, तो फोन तुमी करायचा होता."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "नियम सगळ्यांनाच सारखा केला होता."

"तुमी केला असता तर त्यांनी तुमाला आडनाव विचारलं नसतं. तुमच्या घरी माणसं पाठवली नसती."

"आवाज खाली."

"आन् ती कावून येत न्हाई, ते तुमाला ठाऊक नव्हतं का? तिच्या बेंचवर लिहिलेलं तुमी रोज वाचता. पोरं खोकतेत ते तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"ए, गप की," मागून बंकट म्हणाला. "लई पुळका आलाय."

अदिबा गर्रकन वळली. "तू लिहिलंस ना ते?"

"लिहिलं. मग? खोटं हाय का काय?" बंकटही उठला. "माझा बाप, नाथा, तात्याची गाडी चालवत होता. रात्र न्हाई, दिवस न्हाई. त्याच्यापायी गावात निम्म्या लोकांशी वैर घेतलं. आन् तात्यानं गट बदलताना त्याला एका शब्दानं सांगितलं न्हाई. आता आमाला दोन्हीकडची माणसं हसतेत. बाप घराबाहेर पडंना. तुला काय माहीत?"

गटात एका दमात एवढं आजवर कुणी बोललं नव्हतं. कुणी हसलं नाही.

"मग हे तात्याच्या तोंडावर म्हण की," अदिबा म्हणाली. "पोरीला खोकून काय दाखवतोस? तिनं विचारून बदलला का गट?"

"म्हणीन. भितो का मी?"

"भितोसच. म्हणून तर बेंचवर लिहिलंस."

बंकट बेंच ओलांडून पुढं आला. सर मध्ये उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यात राग किती आणि लाज किती, सांगणं अवघड होतं. सकाळीच मॅडमनी त्यांना बोलावून चांगलं झापलं होतं, ती पोरगी तुमच्या गटातली आहे, तिला परत आणणं तुमचं काम आहे म्हणून.

"उद्या सकाळी जाऊ तात्यांकडे," ते म्हणाले. "माझी गाडी आहे. तुम्ही दोघं चला. पण तिथं बोलेन मी. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

रविवारी तिघं निघाले. पालीजवळ धरणाचं पाणी दिसलं तेव्हा अदिबानं मान वळवून बघितलं. उन्हात नुसते बांधाचे रचलेले दगड, दोन म्हशी आणि बाभळी. इथं ती दिवसभर काय करत असेल?

राधाकिशन ओसरीवर खुर्चीत बसले होते. ती दोन माणसंही होती. राधाकिशननी कुणाला बसा म्हटलं नाही. संस्कृतीची आई छबुबाई पाणी घेऊन आली. सरांच्या आणि बंकटच्या हातात तिनं पेले दिले. अदिबाचा पेला नवऱ्याकडे बघून कट्ट्यावर ठेवला. अदिबानं तो उचलला नाही.

"फोनवाली हीच का?" राधाकिशननी विचारलं.

"तात्या, मुलगी हुशार आहे तुमची," सरांनी सुरुवात केली. "वर्ष वाया जाऊ नये एवढीच आमची..."

"तुमच्या क्लासात घातली असती तर तुमी आधीच आला असता, न्हवं का? मास्तर, मला शिकवू नका." मग त्यांची नजर बंकटवर गेली. "तू नाथाचा ना रं?"

"हो, तात्या."

"बाप बरा हाय का?"

"न्हाई."

सरांनी त्याचा हात दाबला. बंकटनं तो सोडवून घेतला.

"तात्या, बेंचवर 'गद्दाराची पोरगी' मी लिहिलंतं. वर्गात पोरांना खोकायला मीच लावलं. ती त्याच्यापायी धरणावर जाऊन बसायची. तिचा काय दोष न्हवता. मला तुमाला म्हणायचं होतं. माझ्या बापाचं तुमी वाटोळं केलं, असं तुमाला म्हणायचं होतं."

राधाकिशन उठले आणि त्यांनी बंकटच्या तोंडात मारली. दुसरी मारायला हात उगारला तेव्हा शिवशंकर सर आडवे आले. एका माणसानं सरांना छातीवर ढकललं, ते कट्ट्यावर आपटले, पेला खाली पडून घरंगळत गेला.

अदिबा एक पाऊल पुढं आली. "काका, तुमी तिला घरात कोंडलं की बेंचवरचं खरं ठरतंय. लोक म्हणतील, राधाकिशनच्या पोरीनं तोंड लपवलं."

राधाकिशननी उगारलेला हात खाली घेतला.

"निघा," राधाकिशन म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "पुन्हा या गावात तुमच्यातलं कुणी दिसलं तर चालत जाणार न्हाई परत."

संस्कृती आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अदिबाला वाटलं, ती काहीतरी खूण करेल. तिनं फक्त डोळे फाडून बघितलं, आपल्या घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

परतीच्या वाटेवर बंकट रुमालानं ओठाचं रक्त टिपत होता. शिवशंकर सर समोरच्या रस्त्यावरून नजर काढत नव्हते. बीडच्या अलीकडे ते म्हणाले, "ते बेंचवरचं पुसून टाकावं असं मला रोज वाटायचं."



पुढं काही दिवस गेले. मग एका सकाळी जीप पुन्हा आवारात आली. दोन्ही माणसं संस्कृतीला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आली आणि सगळ्या पोरांकडे एकदा नीट बघून गेली. राधाकिशनचं मन बदललं होतं असं नाही. आपली पोरगी कुणाला भिऊन घरात बसली, ही गोष्ट तालुक्यात जायला नको होती, एवढंच. बेंचवरची अक्षरं शिवशंकर सरांनी आदल्या संध्याकाळी ब्लेडनं खरवडून काढली होती. लाकूड तेवढंच पांढरं पडलं होतं. कुणी खोकलं नाही. कुणी शेजारी जाऊन बसलंही नाही.

बंकटला घरी बापाचाही मार बसला, तात्याच्या दारात का गेलास म्हणून. तो गटात यायचा, पण मागं भिंतीला टेकून बसायचा आणि संस्कृतीच्या बाजूला बघायचं टाळायचा. रहमतुल्लांनी गाडा स्टँडच्या कोपऱ्यावरून हलवून मागच्या गल्लीत नेला. ती माणसं परत आली नव्हती, पण ती येतील असं वाटत तिथं उभं राहणं त्यांना जमेना. मागच्या गल्लीत गिऱ्हाईक कमी होतं. अदिबाला ते रोज दिसायचं.

शनिवारी सरांनी पेपर बाहेर काढले नाहीत. गैरहजर पोरांच्या घरी ते आता स्वतः व्हरांड्यात जाऊन फोन करायचे. चिडून, ओरडून, पण करायचे. आत येऊन म्हणाले, "जोड्या मोडल्या तरी चालतील. ज्याला बदलायची असेल त्यानं सांगा."

बऱ्याच पोरांनी हात वर केले. संस्कृती उभी राहिली.

"माझी बदलू नका, सर."

अदिबा तिच्याकडे बघतच राहिली. "कावून?"

"दुसरीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसू का?" संस्कृती तिच्याकडे न बघता बोलली आणि खाली बसली.

तास सुटल्यावर जिन्यात ती अदिबाच्या पुढं दोन पायऱ्या खाली थांबली. पोरांचा लोंढा दोघींना घासून खाली उतरत होता.

"तुझ्या अब्बांच्या गाड्यावर आमची माणसं गेलती?"

"गेलती."

"मला आत्ता कळलं. बंकट सांगत होता कुणाला तरी." ती थोडा वेळ कठड्याचा रंग नखानं काढत राहिली. "मी माफी मागणार न्हाई. फोन तू केलता. मार मी खाल्लाय."

"मग मीबी मागत न्हाई. गाडा आमचा हलला."

"आपण मैत्रिणी न्हाईत. ध्यानात ठेव."

"माझं कुठं म्हणणं हाय?"

गर्दी ओसरली. संस्कृती पायरीवर बसली. "केमिस्ट्रीचं माझं सगळं बुडालंय. तुझी वही दाखव."

अदिबानं पिशवीतून वही काढून दिली. संस्कृतीनं दोन पानं उलटली आणि नाक मुरडलं.

"काय हे अक्षर! मुंग्या मेल्यासारखं."

"नको असंल तर दे इकडं."

संस्कृतीनं वही गुडघ्यावर घट्ट धरली आणि स्वतःचा पेन काढला. "हे काय लिहिलंय? वाच."

अदिबा मधे हातभर जागा सोडून बसली आणि तिथूनच वाकून वाचायला लागली.